गोड्या पाण्याचे आम्लीभवन

नदी, ओढा, तळे किंवा सरोवर यांतील पाण्याची आम्ल निष्प्रभ करण्याची क्षमता हळूहळू खर्च होत जाते आणि शेवटी पाण्याचा सामू (pH; आकडा जितका कमी तितके पाणी अधिक आम्लधर्मी) टिकाऊपणे खाली येतो, या प्रक्रियेला गोड्या पाण्याचे आम्लीभवन म्हणतात. व्याख्येत सामूच्या आधी क्षमतेचा उल्लेख मुद्दाम केला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विषयात जे संशोधन झाले, त्याचा सर्वांत मोलाचा धडा हाच आहे की सामू घसरलेला दिसतो तोवर पाण्यातील बरेच काही आधीच हातचे गेलेले असते.

स्वच्छ हवेतून पडणारा पाऊससुद्धा किंचित आम्लधर्मी असतो, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. एवढ्याने त्याचा सामू सुमारे ५.६ होतो. हे पाणी जमिनीत मुरते आणि खडकांतील खनिजे झिजवते, तेव्हा कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि पोटॅशियम यांचे आयन सुटतात व पाण्यात बायकार्बोनेट तयार होते. नव्याने आलेले आम्ल हे बायकार्बोनेट शोषून घेते. त्यामुळे चुनखडी किंवा बेसाल्टच्या प्रदेशातील पाण्यावर आम्लवर्षाचा परिणाम फारसा जाणवत नाही, तर ग्रॅनाइट, नाइस किंवा क्वार्टझाइटच्या, वरून मातीचा थर पातळ असलेल्या प्रदेशातील पाणी लवकर हार खाते. स्कँडिनेव्हियाचा दक्षिण भाग, स्कॉटलंडचा गॅलोवे प्रदेश, कॅनडाची प्राचीन ढालभूमी आणि अमेरिकेतील ॲडिरॉन्डॅक पर्वत हे सारे या दुसऱ्या गटात मोडतात.

कोळसा आणि खनिज तेल जाळल्याने व धातूंची सल्फाइड खनिजे भट्टीत भाजल्याने सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे हवेत जातात. त्यांच्यापासून गंधकाम्ल व नायट्रिक आम्ल बनते आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर दूर जाऊन ते पावसातून किंवा बर्फातून जमिनीवर उतरते. त्यातील सल्फेट मातीतून वाहून जाताना एकटे जात नाही. विद्युतभाराचा तोल राखण्यासाठी ते मातीतील कॅल्शियम व मॅग्नेशियम सोबत नेते, आणि हा साठा आटला की ॲल्युमिनियम नेऊ लागते. सामू ६ च्या आसपास ॲल्युमिनियम जवळजवळ अविद्राव्य असते, पण ५ च्या खाली ते झपाट्याने विरघळते आणि माशांच्या कल्ल्यांवर साचते. मग माशाच्या रक्तातील सोडियम पाण्यात झिरपू लागते आणि श्वसनही अवघड होते. आम्लीभूत पाण्यात मासे मरतात ते पुष्कळदा आम्लापेक्षा या ॲल्युमिनियमने मरतात. बर्फाळ प्रदेशात वसंतातला काळ सर्वांत घातक ठरतो, कारण बर्फ वितळताना त्यात हिवाळाभर साठलेले आम्ल पहिल्या थोड्याशा पाण्यातच मोठ्या प्रमाणात बाहेर पडते आणि नेमकी त्याच वेळी अंडी आणि पिले पाण्यात असतात.

सामू आणि अल्कता (पाण्याची आम्ल शोषण्याची ताकद) यांचा संबंध सरळ रेषेचा नसल्यामुळे ही घसरण कपटी असते. बायकार्बोनेट पुरेसे आहे तोवर वर्षानुवर्षे आम्ल येत राहिले, तरी सामू जेमतेम हलतो; साठा संपत आला की थोड्याशा आम्लानेही तो ६.५ वरून ५ कडे कोसळतो. सामूचे माप घातांकी असल्याने एका एककाची घट म्हणजे हायड्रोजन आयनांच्या सांद्रतेत दहापट वाढ होय. म्हणून जलरसायनशास्त्रज्ञ सामूइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व आम्ल निष्प्रभ करण्याच्या क्षमतेला देतात. कॅल्शियमादी अल्कधर्मी आयनांच्या बेरजेतून सल्फेट, नायट्रेट व क्लोराइड यांची बेरीज वजा केली की ती मिळते. थेट मोजायची तर पाण्यात थोडे थोडे आम्ल घालून अनुमापन करतात आणि स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ गुन्नार ग्रान याने १९५२ मध्ये दिलेल्या आलेखपद्धतीने अंतिम बिंदू, म्हणजे ही क्षमता संपते ती जागा, काढतात. अशा विरळ पाण्यात सामू मोजणे हेही कसबाचे काम आहे: आयन इतके थोडे असतात की काचेचा इलेक्ट्रोड स्थिरावायला वेळ घेतो. जुनी मापने रंगदर्शकांनी केलेली होती आणि रंगदर्शक स्वतःच आम्ल किंवा अल्क असल्याने असे पाणी बिघडवत असे. त्यामुळे ‘तळी पूर्वीपासूनच आम्लधर्मी होती’ हा युक्तिवाद बराच काळ तग धरून राहिला. त्याला निर्णायक उत्तर मिळाले ते तळ्यांच्या गाळातून. डायाटम या सूक्ष्म शैवलांच्या प्रत्येक जातीला ठरावीक सामू मानवतो आणि त्यांची सिलिकामय कवचे गाळात थरावर थर साचून राहतात. रिक बॅटर्बी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅलोवेमधील तळ्यांच्या गाळाचे थर वाचून औद्योगिक क्रांतीनंतरच तेथील पाण्याचा सामू खाली आल्याचे दाखवून दिले.

विषयाचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येतो. मँचेस्टरच्या हवेत व पावसात आम्ल असल्याचे रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी १८५२ मध्ये नोंदवले. १९५० च्या दशकात एव्हिल गोरहॅम यांनी इंग्लंडच्या सरोवर प्रदेशातील पावसाचा आणि पाण्याचा संबंध जोडला. १९६७ मध्ये स्वीडनच्या स्वांटे ओडेन यांनी हे आम्ल परदेशातून येत असल्याचे वर्तमानपत्रातून जाहीरपणे मांडले. अमेरिकेत जीन लायकन्स आणि त्यांचे सहकारी हबर्ड ब्रुकच्या जंगलात १९६३ पासून पावसाचे नमुने गोळा करीत होते. ही सर्व निरीक्षणे होती. कारण आणि परिणाम यांच्यामधली साखळी प्रयोगाने सिद्ध करायची तर प्रयोगशाळेतील काचपात्र अपुरे पडते, कारण त्यात अन्नजाळे नसते.

ही उणीव डेव्हिड शिंडलर (१९४०–२०२१) यांनी भरून काढली. कॅनडाच्या वायव्य ऑन्टॅरियोमध्ये १९६८ साली काही छोटी सरोवरे केवळ संशोधनासाठी राखून ठेवण्यात आली होती. तेथील २२३ क्रमांकाच्या, सुमारे २७ हेक्टरच्या सरोवरात शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासून जाणीवपूर्वक गंधकाम्ल मिसळायला सुरुवात केली आणि दरवर्षी थोडे थोडे करीत सामू सुमारे ६.८ वरून १९८१ पर्यंत ५.० ते ५.१ वर आणला. एक अख्खे जिवंत सरोवर बिघडवणे हा कठोर निर्णय होता, पण हजारो सरोवरांचे काय होणार हे कळण्याचा याहून खात्रीचा मार्ग नव्हता.

सामू ६ च्या खाली जाताच, म्हणजे तोवर निर्धोक मानल्या गेलेल्या पातळीलाच, पहिली पडझड झाली. मायसिस हा झिंग्यासारखा लहान कवचधारी प्राणी जवळजवळ नाहीसा झाला आणि फॅटहेड मिनो या छोट्या माशाची वीण थांबली. त्याची जागा काही काळ पर्ल डेस या दुसऱ्या छोट्या माशाने घेतली. क्रेफिश या शेवंड्यासारख्या प्राण्याचे कवच कात टाकल्यावर कडक व्हायला विलंब होऊ लागला, आणि काठच्या उथळ पाण्यात तंतुमय शैवलाचे गालिचे पसरले. सामू ५.० जवळ आल्यावर कोणत्याही जातीच्या माशाची वीण होईना. मोठे लेक ट्राउट मासे मात्र जिवंत होते. ते आम्लाने मेले नाहीत, तर त्यांचे खाद्य असलेले छोटे जीव संपल्यामुळे उपाशी राहिले आणि वर्षागणिक कृश होत गेले. या साऱ्या काळात सरोवराची प्राथमिक उत्पादकता, म्हणजे शैवलादी वनस्पतींकडून होणारी अन्ननिर्मिती, घटली नाही आणि कुजण्याची क्रियाही मंदावली नाही. सरोवराच्या ‘प्रकृतीचे’ जे निर्देशक तेव्हा नेहमी मोजले जात, ते सारे ठीक दिसत असतानाच अन्नजाळे आतून तुटले होते. १९८५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि आम्लवर्षावरील सार्वजनिक चर्चेत त्यांना मोठे वजन आले.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने याच सरोवराने आणखी एक अनपेक्षित गोष्ट शिकवली. सामू ठरल्याप्रमाणे खाली आणायला हिशेबापेक्षा खूपच जास्त आम्ल लागले. तळाच्या प्राणवायूविरहित गाळात जिवाणू सल्फेटचे सल्फाइडमध्ये रूपांतर करतात आणि त्यातून अल्कता निर्माण होते. सल्फाइड लोहाशी बांधले जाऊन गाळात गाडले गेले तर हा लाभ कायमचा ठरतो. आम्ल निष्प्रभ करण्याचे काम केवळ पाणलोटातील खडक व माती करतात, ही समजूत यामुळे सुधारावी लागली.

१९८३ नंतर आम्लाची मात्रा कमी केल्यावर सामू वर चढला, ज्या पातळीला वीण थांबली होती साधारण त्याच पातळीला ती पुन्हा सुरू झाली, आणि छोटे मासे परतल्यावर ट्राउटही अंग धरू लागले. मात्र ज्या सरोवरांच्या पाणलोटावर पावसातून दीर्घकाळ आम्ल पडले, त्यांची सुधारणा इतकी सुकर नसते, कारण २२३ क्रमांकाच्या सरोवरात आम्ल थेट पाण्यात घातले होते, मातीतून नव्हे. सीमापार वायुप्रदूषणाविषयीचा १९७९ चा जिनिव्हा करार आणि अमेरिकेतील १९९० ची स्वच्छ हवा कायद्याची दुरुस्ती यांनंतर सल्फरचे उत्सर्जन पुष्कळ उतरले, तरी मातीतून वाहून गेलेले कॅल्शियम खडक झिजूनच परत येते आणि त्याला दशके लागतात. हबर्ड ब्रुक येथे १९९९ मध्ये एका संपूर्ण पाणलोटावर कॅल्शियम सिलिकेट पसरून हा तोटा भरून काढता येतो का, हे तपासण्यात आले. स्वीडनने तर १९७० च्या दशकापासून हजारो तळ्यांत चुनखडीची भुकटी टाकली आहे. तिने मासे तगतात, पण ती वारंवार टाकावी लागते.

भारतात चित्र वेगळे आहे. हवेतील कॅल्शियमयुक्त धूळ पावसातील आम्ल मोठ्या प्रमाणात निष्प्रभ करते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने पावसाच्या पाण्याच्या विश्लेषणातून ही बाब दीर्घकाळ अभ्यासली आहे. दख्खनचा बेसाल्टही लवकर झिजून भरपूर बायकार्बोनेट देतो, त्यामुळे महाराष्ट्राच्या पठारावरील नद्या या धोक्यापासून बऱ्याच अंशी सुरक्षित आहेत. याउलट मेघालयातील जैंतिया टेकड्यांत कोळशाच्या खाणींतून उघडे पडलेले पायराइट हे लोहाचे सल्फाइड खनिज हवा व पाण्याच्या संपर्काने गंधकाम्ल तयार करते, आणि तेथील अनेक ओढ्यांत त्यामुळे मासे उरलेले नाहीत. तेथे आम्ल ढगातून उतरत नाही, डोंगराच्या पोटातून झिरपते. पाण्यात गेल्यावर मात्र सल्फेट, ॲल्युमिनियम आणि संपत जाणारे बायकार्बोनेट यांचा हिशेब तोच राहतो.