फेसिंग यू (कीथ जॅरेटचा सोलो पियानो अल्बम)

फेसिंग यू हा अमेरिकन जॅझ पियानिस्ट कीथ जॅरेट (जन्म १९४५, अ‍ॅलनटाउन, पेनसिल्व्हेनिया) याचा पहिला सोलो पियानो अल्बम. रेकॉर्डिंग १० नोव्हेंबर १९७१ ला नॉर्वेत ओस्लोच्या आर्ने बेंडिक्सन स्टुडिओत झालं आणि १९७२ मध्ये म्युनिकच्या ईसीएम या रेकॉर्ड कंपनीने तो काढला. निर्माता मानफ्रेड आयकर, इंजिनियर यान एरिक काँग्सहाउग. याआधी १९६८ मध्ये जॅरेटने एक रेकॉर्ड केली होती, त्यात जवळपास सगळी वाद्यं स्वतः वाजवली आणि वर गायलाही, पण तिची आठवण कोणी फारशी काढत नाही आणि ते बरंच आहे.

तेव्हा जॅरेट जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये होता. तिथे त्याच्या वाट्याला इलेक्ट्रिक पियानो आणि ऑर्गन, दोन्हींवर त्याचा जीव नव्हता, फक्त माइल्ससाठी म्हणून तो ते वाजवायचा. बँड युरोपच्या दौऱ्यावर होता, ९ तारखेला ओस्लोत कार्यक्रम झाला आणि दुसऱ्याच दिवशी हा गडी स्टुडिओत जाऊन साध्या पियानोवर बसला. एका दिवसात आठ ट्रॅक, सगळे त्याचेच. इतके महिने प्लगवाली वाद्यं वाजवल्यावर खऱ्या तारांवर हात पडला की काय होतं ते इथे ऐकू येतं, असं मला तरी वाटतं.

पहिला ट्रॅक 'इन फ्रंट', साधारण दहा मिनिटांचा, आणि अल्बम आवडणार की नाही ते बहुतेक इथेच ठरतं. ऐकताना उजव्या हाताच्या मागे धावू नका, डाव्या हाताकडे लक्ष ठेवा. सोलो पियानोत बास नाही, ड्रम्स नाहीत, मग लय सांभाळायची कोणी? तबल्याशिवाय पेटी सोलो वाजवून बघितली असेल तर ही अडचण लगेच कळेल. जॅरेट डाव्या हातात एक छोटा तुकडा पकडतो आणि तोच पुन्हा पुन्हा फिरवत राहतो, त्याच्यावर उजवा हात मोकळा सुटतो, कधी ब्लूज, कधी चर्चमधल्या गॉस्पेलसारखं, मध्येच दोन्ही हात वेगळ्याच स्वरांत गेल्यासारखे वाटतात आणि आता हे कोसळणार म्हणेपर्यंत परत ठेक्यावर येतात, तेही असं की आपला पाय आपोआप हलायला लागतो.

नंतरचं 'रिटूरिया' एकदम शांत, ठरीव ठेका असा नाहीच, स्वर ओढून धरत चाललेलं. 'लालीन' आणि 'माय लेडी, माय चाइल्ड' मध्ये सरळ सुरेल चाल आहे, जॅझची सवय नसलेल्यांनी खुशाल इथून सुरुवात करावी. शेवटचं 'सेम्ब्लन्स' जेमतेम तीन मिनिटांचं.

जॅरेट म्हटलं की लोक थेट 'द कोल्न कॉन्सर्ट' वर जातात (२४ जानेवारी १९७५, कोलोन ऑपेरा हाउस, तिथे मिळालेला पियानो खराब होता आणि तरी त्यावरच वाजवलं, ती प्रसिद्ध गोष्ट वगैरे). ती रेकॉर्ड मोठीच आहे, वाद नाही, पण तिथे एकच ठेका दहा-दहा मिनिटं चालतो आणि कधीकधी खरंच लांबतो. डाव्या हाताची तीच युक्ती फेसिंग यू मध्ये तीन वर्षं आधी आहे, आणि छोट्या तुकड्यांत असल्यामुळे पाल्हाळ नाही. काही न ठरवता तास-तासभर वाजवायच्या कॉन्सर्ट्स यानंतर सुरू झाल्या, १९७३ च्या ब्रेमेन आणि लोझानच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या ऐकायला मिळतात.

याच सुमारास ईसीएमने ओस्लोत चिक कोरियाचं (एप्रिल १९७१) आणि पॉल ब्लेचं (१९७२) सोलो पियानोही रेकॉर्ड केलं. तिघांत ब्लेकडे शांतता जास्त, कोरिया चपळ, आणि मातीचा वास म्हणाल तर तो जॅरेटकडेच. २०१८ मध्ये पक्षाघाताचे दोन झटके आल्यावर जॅरेटचा डावा हात जवळपास निकामी झाला आणि त्याचं जाहीर वादन थांबलं.