कॅशबॅकची पट्टी कोणाच्या नावावर?

चवथीच्या आधी कणकवलीच्या भाच्याने ऑनलाइन मिक्सर मागवला. कॅशबॅकच्या साइटवरून दुकानाच्या पानावर गेला, मिक्सर कार्टात टाकला आणि पैसे भरायच्या आधी दुसऱ्या टॅबमध्ये कूपन शोधून आणखी पन्नास रुपये वाचवले. मिक्सर आला, कॅशबॅक काही आला नाही. तक्रारीला एका ओळीचं उत्तर: ऑर्डर ट्रॅक झाली नाही. "मामा, फसवलं ओ," म्हणाला. फसवलं नव्हतं. ब्राउझरमध्ये शेवटचं नाव कोणाचं लिहिलं गेलं, यावर जगभर भांडणं चालू आहेत. त्यातलंच एक त्याच्या मिक्सरवर येऊन आदळलं.

कॅशबॅकसाठी ब्राउझर कसा लावावा याच्या सूचना सगळीकडे सारख्याच असतात. कुकी चालू ठेवा, अ‍ॅड-ब्लॉकर (जाहिराती आणि माग काढणाऱ्या गोष्टी अडवणारं साधन) बंद करा, कार्ट रिकामं असताना सुरुवात करा, बाहेरचं कूपन लावू नका. सोवळ्याच्या नियमांसारखं ते पाळायचं, कारण विचारायचं नाही. पण प्रत्येक नियमाला कारण आहे, आणि ते इतिहासातच सापडतं.

आधी पैसा कुठून येतो ते बघू. कॅशबॅक म्हणजे दुकानदाराचं औदार्य नव्हे, ती वाटून घेतलेली दलाली आहे. आंब्याच्या पेट्या वाशीला धाडणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. पेटी ज्याच्या गाळ्यावर उतरते, त्याच्या नावाने पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, येते आणि दलाली तिथेच कापली जाते. ऑनलाइन दुकान गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला विक्रीवर काही टक्के देतं. कॅशबॅकची साइट ही त्या जागी बसलेली दलाल. मिळालेल्यातला वाटा ती आपल्याला परत करते, म्हणून आपण तिच्या दारातून जातो.

प्रश्न एवढाच की गिऱ्हाईक कोणी आणलं हे दुकानाला कळणार कसं? त्याचं उत्तर १९९४ मध्ये भलत्याच कामासाठी तयार झालं. नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुली या तरुण प्रोग्रॅमरने कुकी शोधली. साइटने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली ही छोटीशी चिठ्ठी. कार्टात काय टाकलंय याची आठवण दुकानाऐवजी गिऱ्हाइकाच्या संगणकात राहावी, हा तिचा मूळ उपयोग. जुलै १९९६ मध्ये अ‍ॅमेझॉनने दुसऱ्यांच्या साइटवरून पुस्तकं विकून त्यावर कमिशन द्यायची योजना काढली. तोच धंदा पुढे पसरत गेला आणि कार्टाची आठवण ठेवणारी चिठ्ठी दलालाचं नाव लिहून ठेवायच्या कामाला लागली.

१९९८ मध्ये कॅलिफोर्नियात ईबेट्स ही कॅशबॅकची साइट निघाली. कमिशन आपणच खाण्यापेक्षा त्यातला भाग गिऱ्हाइकाला दिला तर तो पुन्हा आपल्याच दारातून जाईल, एवढा साधा हिशेब. (त्याच वर्षी २६ जानेवारीला कोकण रेल्वे मुंबई ते मंगळूर सलग झाली. आपल्याकडे तेव्हा कॅशबॅक हा शब्द कोणाच्या कानावरही नव्हता.) २०१४ मध्ये जपानच्या राकुतेनने ईबेट्स सुमारे १०० कोटी डॉलरना विकत घेतलं, आणि पुढे नावही स्वतःचं दिलं. मायक्रोसॉफ्टनेही २००८ मध्ये आपल्या सर्चमधून कॅशबॅक सुरू केला होता, तो दोन वर्षांत गुंडाळला.

आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१० मध्ये वस्तू हातात आल्यावर पैसे घ्यायला सुरुवात केली आणि लोकांचा धीर चेपला. कॅशकरो ही कॅशबॅकची साइट २०१३ मध्ये आली, २०१६ मध्ये रतन टाटांनी त्यात पैसे घातले. पण हा शब्द घराघरांत नेला तो ब्राउझरने नव्हे, फोनने. सप्टेंबर २०१७ मध्ये गूगलने पैसे पाठवायचं तेझ (आताचं गूगल पे) आणलं, आणि स्क्रॅच कार्ड खरवडून किती निघाले हे बाजारातल्या मासेवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे एकमेकांना सांगू लागले. हे दोन कॅशबॅक वेगळे, आणि माझ्या मते बहुतेक गोंधळ इथेच होतो. फोनवरचं ते बक्षीस कंपनी गिऱ्हाईक जोडायला स्वतःच्या खिशातून देत होती. ब्राउझरमधला मात्र दलालीतून येतो. दलाली झाली नाही, की तोही नाही.

आता भांडणाकडे. बहुतेक ठिकाणी दलाली मिळते ती शेवटच्या क्लिकला, म्हणजे गिऱ्हाईक ज्याच्या लिंकवरून शेवटी आलं त्याला. मग शेवटचं नाव आपलंच असावं म्हणून लबाड्या सुरू झाल्या. गिऱ्हाइकाने क्लिकही न करता त्याच्या ब्राउझरमध्ये गुपचूप कुकी भरायची. पेटी दुसऱ्याने आणली, कागद मात्र आपल्या गाळ्याचा चिकटवला. ईबे या ऑनलाइन बाजाराने २००८ मध्ये आपल्याच दोन बड्या दलालांवर याच आरोपाखाली दावा लावला, आणि २०१४ मध्ये दोघांनाही तुरुंगाची शिक्षा झाली.

पुढे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, आली. साइटवर जायची आठवण ठेवायला नको, ब्राउझरच्या कोपऱ्यात बसलेलं चिन्ह दुकान उघडताच जागं होतं. सोय मोठी, म्हणून पैसाही मोठा. २०१२ मध्ये निघालेलं कूपन शोधणारं हनी पेपॅलने ४०० कोटी डॉलरना घेतलं, तो व्यवहार जानेवारी २०२० मध्ये पुरा झाला. डिसेंबर २०२४ मध्ये एका यूट्यूबरने आरोप केला की पैसे भरायच्या क्षणी हनी दुसऱ्याच्या नावाच्या जागी आपलं नाव लावतं. त्यावरून खटले दाखल झाले. मार्च २०२५ मध्ये गूगलने क्रोमच्या एक्स्टेंशनसाठी नियम कडक केला: गिऱ्हाइकाला थेट फायदा होत नसेल तर दलालीची लिंक घुसवायची नाही. भाच्याचं कूपन आठवा. कूपनची साइटही दलालच, आणि पन्नास रुपयांच्या क्लिकवर तिचं नाव शेवटचं ठरलं असणार.

बाकीचे नियमही असेच उलगडतात. अ‍ॅमेझॉनची कुकी २४ तास टिकते आणि वस्तू त्या वेळात, लिंकवरून आल्यानंतर कार्टात टाकलेली असावी लागते. म्हणून कार्ट रिकामं. माग काढणाऱ्या कुकींना सफारी ब्राउझरने २०१७ पासून आवर घातला, फायरफॉक्स ब्राउझरने २०१९ पासून आपोआप अडवायला सुरुवात केली. आपल्या खाजगीपणासाठी हे चांगलंच झालं, पण त्या झाडूत दलालाची चिठ्ठीही जाऊ शकते. म्हणून अ‍ॅड-ब्लॉकर बंद करायला सांगतात.

मी मात्र सगळा ब्राउझर उघडा टाकणार नाही. खरेदीसाठी ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल, म्हणजे स्वतंत्र कप्पा, करायचं, त्यात कॅशबॅकचं एकच एक्स्टेंशन ठेवायचं आणि कुकी तिथेच चालू ठेवायच्या. बँक आणि ईमेल दुसऱ्या प्रोफाइलमध्ये. एक्स्टेंशन टाकताना "सर्व साइटवरील डेटा वाचणे आणि बदलणे" अशी परवानगी मागतं, ती घरच्या किल्लीसारखी आहे. चार एक्स्टेंशन लावली तर एकीकडे वाटमारीची भीती, आणि चारही शेवटच्या क्लिकसाठी आपसात भांडणार ते वेगळंच.

भाच्याने नवं प्रोफाइल केलं आणि त्यातून प्रेशर कुकर मागवला. या वेळी ऑर्डर ट्रॅक झाली, कॅशबॅक पेंडिंग दिसतो. माल परत करायची मुदत संपल्याशिवाय दुकान दलाली सोडत नाही, आणि नंतरही हिशेब यायला महिना-दोन महिने जातात. "वाशीची पट्टी तरी लवकर येता," तो म्हणतो.