वर्ल्ड कप जिंकली, पण वर्ल्ड चॅम्पियन कधीच नाही : फ्रिडा हान्सडॉटरचं नेमकं काय आहे

क्रिकेटचा वर्ल्ड कप तुम्हाला मी काय सांगणार. चार वर्षांनी येतो, महिना-दीड महिना चालतो, फायनल मारली की कप आपला. आता हे सगळं जरा बाजूला ठेवा, कारण स्कीइंगबद्दल, अगदी स्वीडनच्या स्कीपटू फ्रिडा हान्सडॉटरबद्दलही, मराठीत जो घोळ होतो तो इथूनच सुरू होतो.

मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिनने स्वीडनमधल्या ओरे गावी वर्ल्ड कपची ८७वी रेस जिंकून स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कचा ८६चा विक्रम मोडला, आणि तेव्हापासून "८७ विश्वचषक जिंकणारी" हे वाक्य मला परत परत वाचायला मिळतंय. अहो, ती स्पर्धाच १९६७ला सुरू झालीये! वर्षाला एक धरला तरी तोवर साठसुद्धा होत नाहीत. स्टेनमार्कने ८६ *रेस* जिंकल्या, एकूण गुणांचा वर्ल्ड कप त्याने जिंकला तीनदाच, १९७६, ७७ आणि ७८ला.

तर स्कीइंगचा वर्ल्ड कप म्हणजे एक स्पर्धा नाहीच, तो अख्खा हिवाळा आहे. साधारण ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत आज या डोंगरावर, पुढच्या आठवड्यात त्या डोंगरावर, आणि प्रत्येक रेसला पॉइंट: पहिल्याला १००, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६०, असं उतरत उतरत तिसाव्याला १. सीझन संपला की बेरीज. स्लॅलममध्ये (जवळजवळ रोवलेल्या गेटमधून, म्हणजे खांबांमधून, वळणं घेत खाली उतरायचा प्रकार) बेरीज सगळ्यात जास्त असेल तर छोटा क्रिस्टल ग्लोब, सगळे प्रकार मिळून जास्त असेल तर मोठा. म्हणजे नावात कप आहे पण हातात येतो काचेचा गोळा. वर्ल्ड चॅम्पियनशिप वेगळी. ती विषम वर्षी, फेब्रुवारीत, एकाच गावात, आणि तिथे मागची पुढची कसलीच बेरीज नाही, स्लॅलममध्ये त्या दिवशीच्या दोन रन (रन म्हणजे वरून खाली एक फेरी) मिळून सगळ्यात कमी वेळ ज्याचा तो वर्ल्ड चॅम्पियन. शाळेच्या भाषेत, एकात वर्षभराच्या सगळ्या चाचण्यांचे मार्क धरतात आणि दुसऱ्यात फक्त एक पेपर.

घोळ का होतो तेही कळतं म्हणा. आयोजन एकाच जागतिक संघटनेचं, तेच खेळाडू, तेच लाल-निळे गेट, कित्येकदा डोंगरही तोच. ओरेला वर्ल्ड चॅम्पियनशिप २००७ आणि २०१९ला झाली, आणि शिफ्रिनची ८७वी रेस त्याच ओरेला, पण ती वर्ल्ड कपची. नुसतं "ओरेला जिंकली" वाचून काहीच कळत नाही, महिना आणि वर्ष बघावं लागतं.

हा फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो हान्सडॉटरच्या करिअरमध्ये, म्हणून मला ती स्टेनमार्कपेक्षाही चांगलं उदाहरण वाटते. वर्ल्ड कपची पहिली रेस जिंकली तेव्हा ती २८ वर्षांची होती, २०१४ला स्लोव्हेनियातल्या क्रान्स्का गोराला. त्याआधी कितीतरी वेळा दुसरी. २०१४ आणि २०१५च्या सीझनमध्ये स्लॅलमच्या टेबलमध्येही दुसरी, दोन्ही वेळा शिफ्रिनच्या मागे. मग २०१५-१६ला शिफ्रिनचा गुडघा गेला, ती दोन महिने बाहेर, आणि त्या सीझनमध्ये शिफ्रिन जेवढ्या स्लॅलमला उतरली तेवढ्या सगळ्या जिंकली तरी ग्लोब मिळाला फ्रिडाला! लोकांना हे अन्यायाचं वाटतं. मला अजिबात वाटत नाही, हिवाळाभर दर रेसला उभं राहून पॉइंट गोळा करणं हीच तर त्या ग्लोबची अट आहे, आणि ती तिने पूर्ण केली.

पण वर्ल्ड चॅम्पियन? कधीच नाही. स्लॅलममध्ये २०१३ श्लाडमिंगला ब्रॉन्झ, २०१५ बीव्हर क्रीकला सिल्व्हर, २०१७ सेंट मॉरिट्झला परत ब्रॉन्झ, आणि तिन्ही वेळा गोल्ड शिफ्रिनचं. त्यामुळे तिला "माजी विश्वविजेती" लिहिणं सरळ चूक आहे. माझं तर ठाम मत आहे की स्कीइंगसाठी "विश्वचषक" शब्द वापरूच नये, "वर्ल्ड कप मालिका" आणि "वर्ल्ड कपची रेस" असं लिहावं, मग वाचणाऱ्याच्या डोक्यात लॉर्ड्सची बाल्कनी येत नाही.

  

ऑलिंपिक हे तर तिसरंच प्रकरण. फेब्रुवारी २०१८, प्योंगचांग, पहिल्या रनला स्वित्झर्लंडची वेंडी होल्डेनर पुढे, फ्रिडा दुसरी, म्हणजे परत तेच होणार असं वाटत असताना दुसऱ्या रननंतर ती ०.०५ सेकंदाने पुढे निघाली. शिफ्रिन चौथी. ३२व्या वर्षी ऑलिंपिक गोल्ड, आणि वर्ल्ड कपच्या टेबलमध्ये त्याचे पॉइंट शून्य. पुढच्या वर्षी तिने रेसिंग थांबवलं.