पडवीतल्या रोलरवर टँडेम

मृग लागला की कोकणातल्या सायकली भिंतीला टेकतात. जून ते सप्टेंबर रस्त्यांची गत सगळीकडे सारखीच: कडेला जांभ्याचा लाल चिखल, झाडीतल्या वळणांवर शेवाळ, साचलेल्या पाण्याखाली दडलेले खड्डे. एकट्याची सायकल यातून कशीबशी काढता येते, टँडेम, म्हणजे दोघांनी पुढेमागे बसून चालवायची सायकल, नाही. दोन माणसं आणि गाडी मिळून 165-170 किलोंचा भार दोनच टायरांवर असतो आणि घाटाच्या उतारावर ओल्या ब्रेकांनी तो आवरणं जिवावरचं काम आहे. म्हणून हे चार महिने घरात, रोलरवर: चौकटीत बसवलेले तीन फिरते ड्रम, मागच्या दोनांवर मागचं चाक आणि पुढच्यावर पुढचं, सायकल जागच्या जागी चालते.

टँडेमला गावात सर्रास डबलसीट म्हणतात, पण डबलसीटवर मागचा नुसता बसतो. इथे तोही पेडल मारतो. पुढे बसतो तो कॅप्टन: हँडल, ब्रेक, गिअर त्याच्याकडे. मागचा स्टोकर, त्याच्याकडे फक्त पाय आणि कॅप्टनवरचा विश्वास. पॅरालिम्पिकमध्ये दृष्टिहीन खेळाडू याच मागच्या जागेवर बसून शर्यत करतात.

मागचं चाक घट्ट पकडणारा स्टँड, म्हणजे ट्रेनर, सोपा, मग रोलर कशाला? एक तर बऱ्याच टँडेमच्या मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची, रुंदी 145 मिलिमीटर असते, साध्या रोड सायकलची 130 किंवा 135. नेहमीच्या ट्रेनरमध्ये ती बसतच नाही. दुसरं, ट्रेनरवर सांगाडा जखडलेला असतो आणि दोघांच्या हालण्याचा सगळा पीळ मागच्या त्रिकोणावर येतो. रोलरवर सायकल मोकळी असते. पण त्याचमुळे तोल सांभाळावा लागतो, आणि खरं शिक्षण तिथेच आहे.

बाजारातला साधा रोलर एक मीटर चाकांतराच्या सायकलीसाठी केलेला असतो. टँडेमच्या दोन आसांमध्ये साधारण 1 मीटर 70 ते 80 सेंटिमीटर अंतर असतं. त्यामुळे बाजूच्या पट्ट्या वाढवाव्या लागतात आणि पुढचा ड्रम फिरवणारा पट्टाही. वाढीव पट्ट्यांना ॲल्युमिनियमचा चॅनल घ्या. लोखंडी चौकोनी पाइप स्वस्त पडतो, पण खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात त्याला पोपडे येतात. रोलरचे पाय पुढच्या ड्रमच्या दोन्ही टोकांखाली आणि मागच्या दोन्ही ड्रमांखाली हवेत, नाहीतर पट्टी मध्ये लवते.

पट्ट्याचा हिशोब एका उदाहरणाने पाहू. आसांमधलं अंतर 1750 मिलिमीटर. मागचे दोन ड्रम एकमेकांपासून 250 मिलिमीटरवर; मागचं चाक त्यांच्या बरोबर मध्ये बसतं, म्हणजे पट्टा जोडलेला मधला ड्रम मागच्या आसाच्या 125 मिलिमीटर पुढे. पुढचा ड्रम पुढच्या आसाच्या अगदी खाली किंवा किंचित पुढे ठेवायचा. 15 मिलिमीटर धरू. मग दोन ड्रमांमधलं अंतर 1750 वजा 125 अधिक 15, म्हणजे 1640. त्याची दुप्पट 3280. ड्रमच्या खाचेचा व्यास 100 असेल तर परीघ 314. बेरीज 3594 मिलिमीटर. पट्टा ताणलेला राहायला हवा, म्हणून चार टक्के कमी, साधारण 3450 मिलिमीटरवर कापायचा. पॅकिंगच्या यंत्रांत असतो तो पॉलियुरेथेनचा गोल पट्टा यासाठी उत्तम. दोन्ही टोकं तापलेल्या पात्यावर वितळेपर्यंत धरायची, पातं काढून लगेच एका रेषेत दाबायची, पूर्ण गार होऊ द्यायची आणि बाहेर आलेला फुगवटा ब्लेडने छाटायचा. फुगवटा राहिला तर प्रत्येक फेऱ्याला टक टक होते आणि काही दिवसांत सांधा सुटतो.

हा पट्टा दिसायला किरकोळ, पण तो नसेल तर कोणीही रोलरवर टिकणार नाही. पूर्वी सांगितलं जायचं की फिरती चाकं भोवऱ्यासारखी वागतात म्हणून सायकल उभी राहते. 2011 साली नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी एक छोटी प्रायोगिक सायकल बनवली. तिच्यात भोवऱ्याचा परिणाम उलट्या फिरणाऱ्या चाकांनी रद्द केला होता. ढकलून सोडल्यावर ती तरीही स्वतःहून सरळ गेली. भोवऱ्याचा परिणाम मदत करतो, पण सगळं त्याच्यावर अवलंबून नाही. सायकल डावीकडे झुकली की पुढचं चाक डावीकडे वळतं आणि टेकू, म्हणजे चाक खाली टेकतं ती जागा, पुन्हा वजनाखाली येतो, हे मुख्य. पण टेकू सरकण्यासाठी चाक फिरतं असावं लागतं. पट्टा निसटला की पुढचं चाक थांबतं, मग हँडल कितीही वळवा, टेकू जागचा हलत नाही. म्हणून पट्टा रोज बघायचा.

आता टँडेमची अडचण. ताशी 30 किलोमीटर वेगाला चाकाचा पृष्ठभाग सेकंदाला 8.3 मीटर धावतो. हँडल फक्त दोन अंश वळलं तर पुढचं चाक सेकंदाला 29 सेंटिमीटर बाजूला सरकतं. ड्रम 45 सेंटिमीटर रुंद असेल तर मधून कडेला जायला जेमतेम पाऊण सेकंद. एकट्याच्या सायकलीवरही हिशोब हाच, पण तिथे मागचं चाक पटकन पाठोपाठ येतं. टँडेमची लांबी पावणेदोन पट असल्याने सांगाडा सावकाश वळतो, म्हणून तोच तोल सावरायला कॅप्टनला हँडल जास्त वळवावं लागतं आणि ड्रमवरची जास्त रुंदी लागते. वेग कमी असला तर आणखी कठीण: ताशी 15 ला तेवढ्याच सरकण्यासाठी कोन दुप्पट. नवी जोडी घाबरून हळू चालवते आणि म्हणूनच पडते. पहिल्या मिनिटातच पेडलच्या मिनिटाला 80-90 फेऱ्यांची लय गाठा.

कॅप्टनने नजर पुढच्या चाकावर ठेवू नये. दोन-तीन मीटर पुढे एखादी उभी रेघ हवी. पडवीचा खांब त्यासाठी उत्तम. स्टोकरचं काम खांदे आणि कंबर स्थिर ठेवणं. 70 किलोचा स्टोकर दोन सेंटिमीटर बाजूला कलला तर सगळ्यांचा मिळून गुरुत्वमध्य जवळपास एक सेंटिमीटर सरकतो, आणि ते कॅप्टनला हँडलने भरून काढावं लागतं. घाम पुसणं, पाणी घेणं, मागे वळून बघणं, सगळं आधी सांगून.

आणि पडवीच्या जमिनीकडे लक्ष द्या. पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून गवंडी तिला मुद्दाम उतार देतो. त्या उतारावर रोलर ठेवला तर सायकल सतत अंगणाकडे सरकते आणि जोडी एकमेकांना दोष देत बसते. पाणसळीने चारही कोपरे तपासा, खालच्या बाजूला प्लायवुडच्या चकत्या घाला. मग कर्ण मोजा. 1640 लांब आणि 450 रुंद चौकटीचे दोन्ही कर्ण 1700 मिलिमीटरच्या आसपास यायला हवेत. एकमेकांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. फरक असला की ड्रम समांतर राहत नाहीत आणि पट्टा खाचेतून बाहेर चढतो.

रस्ता जे झाकतो

टँडेम रस्त्यावर वेगवान का? हवेला सामोरं जाणारं अंग साधारण एकाचं, ताकद दोघांची. सपाटीवर ताशी 30 च्या वर बहुतेक मेहनत हवा कापण्यात जाते, म्हणून हा फायदा मोठा. रोलरवर हवा कापायचीच नाही. तिथला विरोध मुख्यतः टायर ड्रमवर दबण्याचा, आणि तो वजनाच्या प्रमाणात असतो. वजन दुप्पट, विरोध दुप्पट, माणसं दोन. फायदा शून्य. म्हणून मीटरवरचा वेग रस्त्याच्या वेगाशी ताडून बघू नका. टायरात हवा कमी असेल तर विरोध भलताच वाढतो आणि मागचं टायर तापतं. 28 मिलिमीटरच्या टायरला रिमची मर्यादा पाहून साधारण शंभर पौंड ठेवा. ड्रम जितका बारीक तितकं टायर जास्त दबतं, हेही विकत घेताना ध्यानात असू द्या.

याहून महत्त्वाचा फरक जडत्वाचा. रस्त्यावर ताशी 30 ने जाणाऱ्या 168 किलोंच्या टँडेममध्ये सुमारे 5800 जूल गतिज ऊर्जा असते. रोलरवर माणसं जागच्या जागी. फिरतात ती फक्त चाकं आणि ड्रम. हलक्या चाकांची आणि तीन ॲल्युमिनियम ड्रमांची मिळून ऊर्जा भरते दोनशे जूलच्या आतबाहेर, म्हणजे तिसाव्या हिश्शाच्या आसपास. दोघं मिळून 250 वॅट लावत असतील आणि एकदम पाय थांबवले, तर सारं दीड-दोन सेकंदांत थंड.

क्रँक (पेडलचे दांडे) उभे असताना, म्हणजे एक पाय वर आणि एक खाली, जोर जवळजवळ लागत नाही. मिनिटाला 90 फेऱ्यांना ही पोकळी सेकंदाला तीन वेळा येते. रस्त्यावर 5800 जूलांचा साठा ती भरून काढतो, कळतही नाही. रोलरवर ती कानांना ऐकू येते: ड्रमचा आवाज हूं-हूं-हूं असा चढतो-उतरतो. बहुतेक टँडेमवर दोघांचे क्रँक एका कोनात असतात, म्हणून दोघांच्या पोकळ्याही एकाच क्षणी येतात. पाय गोल फिरवणारी जोडी असेल तर आवाज एकसारखा, गिरणीच्या पट्ट्यासारखा लागतो. ताकद किती लावली याच्या मागे न लागता पहिला महिना या आवाजासाठी द्यावा.

कोण किती ओढतो तेही दिसतं. टँडेमच्या डाव्या बाजूला कॅप्टन आणि स्टोकरचे क्रँक जोडणारी लांब चेन असते. कॅप्टन जोर लावतो तेव्हा तिची वरची ओळ ताणली जाते. कॅप्टनचे पाय नुसतेच फिरत असतील आणि स्टोकर ते फिरवत असेल, तर खालची ओळ ताणते आणि वरची ढिली पडून थरथरते. बाजूला स्टुलावर बसून तिसऱ्या माणसाने दोन मिनिटं ती वरची ओळ पाहिली की वाद मिटतो. याचाच सराव करता येतो: अर्धा मिनिट फक्त स्टोकरने जोर लावायचा, अर्धा मिनिट फक्त कॅप्टनने, मध्ये लय मोडू न देता. असे सहा फेरे. ही चेन मध्ये बोटाने दाबली तर साधारण एक सेंटिमीटर हलावी. जास्त ढिली असेल तर जोर बदलताना झटका बसतो आणि ती उतरतेही. फार ताणली तर बेअरिंग झिजतात.

पाय ढिले सोडण्याआधी कॅप्टनने मोजून सांगायचं, "तीन, दोन, एक, सोड." गिअर बदलतानाही तसंच. उभं राहून पेडल मारणं रोलरवर नकोच.

दोघांची उष्णता

माणसाचे स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा पाचवा-चौथा हिस्साच पेडलपर्यंत पोचवतात, बाकी उष्णता. प्रत्येकी 150 वॅट लावले तर प्रत्येकाच्या अंगातून 500 वॅटच्या वर उष्णता निघते. पेडलवरचे 300 वॅटही शेवटी टायर आणि ड्रम तापवण्यात जातात. एकूण 1300-1400 वॅट: पाणी तापवायची रॉड खोलीत लावून ठेवल्यासारखं.

अंगातली उष्णता घालवायला प्रत्येकाचा तासाला सुमारे 800 मिलिलिटर घाम वाळायला हवा. निथळलेला घाम अंग गार करत नाही, वाळलेलाच करतो. जुलैत कोकणात 28 अंशांना हवेची आर्द्रता 90 टक्के असते तेव्हा त्वचा आणि हवा यांच्यातला बाष्पदाबाचा फरक, 40 टक्के आर्द्रतेच्या कोरड्या हवेच्या मानाने, निम्मा उरतो. म्हणून पंखा ही चैन नाही. दोन उभे पंखे लागतात: कॅप्टनसाठी समोरून तिरका आणि स्टोकरसाठी बाजूने छातीच्या उंचीवर, कारण समोरचा वारा कॅप्टनची पाठ अडवते. पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूला ताडपत्री असू द्या, पण विरुद्ध बाजू मोकळी ठेवा. चारी बाजू बांधून घेतलेल्या पडवीत अर्ध्या तासात दम कोंडतो.

आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम. लिटरभर पाण्यात पाच चमचे साखर आणि पाव ते अर्धा चमचा मीठ पुरेसं. कोकमाचं आगळ घालत असाल तर त्यात मीठ आधीच असतं, चव घेऊन मगच वरून घाला. सराव संपल्यावर उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज उत्तम: पाणी, मीठ आणि पिष्ट एकाच वाडग्यात.

तोच खारट घाम गाडीवर ठिबकतो. स्टोकरचा घाम नेमका कॅप्टनच्या सीटखालच्या दांड्यावर आणि त्याला पकडलेल्या स्टोकरच्या हँडलच्या पकडीवर पडतो. लोखंडी सांगाड्यात ॲल्युमिनियमचा दांडा असेल तर मिठाच्या पाण्याने दोन्ही एकमेकांना असे धरतात की दिवाळीत दांडा हलतच नाही. तिथे टॉवेल गुंडाळा आणि दर महिन्याला दांडा काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवा. ड्रम ओले दिसले तर लगेच थांबा. गुळगुळीत ॲल्युमिनियमवर घाम म्हणजे घसरण.

चढण्याची आणि उतरण्याची जागा भिंतीलगत, खिडकीचे गज हाताशी येतील अशी असावी. पहिले काही आठवडे मदतीला माणूस हवाच. कॅप्टन ब्रेक दाबून एक हात गजावर ठेवतो, स्टोकर आधी दोन्ही पाय पेडलवर लावतो, मग कॅप्टन. उतरताना उलट: कॅप्टनने मोजून सांगायचं, वेग उतरतानाच गज धरायचा, ब्रेक करकचून दाबायचा नाही, आणि कॅप्टनचा पाय स्टुलावर टेकल्याशिवाय स्टोकरने पाय काढायचा नाही. संध्याकाळी सराव करत असाल तर इन्व्हर्टरवर एक दिवा आणि दोन्ही पंखे जोडून ठेवा. पावसाळ्यात लाईट कधीही जाते. अंधारात समोरचा खांब दिसेनासा झाला की कॅप्टनच्या हातात सरळ रेघ उरत नाही. दिवा नसेल तर स्टोकरने गजाच्या बाजूचा हात लांबवून "गज" एवढंच म्हणायचं, आणि दोघांनी पाय हळूहळू हलके करायचे.