यॉर्कशायरचा पांढरा गुलाब आला कुठून?

१९९२ मध्ये एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर काउंटीच्या (म्हणजे परगण्याच्या) क्रिकेट क्लबचा पहिला परदेशी खेळाडू झाला. त्याआधी काउंटीच्या हद्दीत जन्मलेल्यालाच संघात घ्यायचं, हा नियम तिथे सोवळ्यासारखा पाळला जाई. क्लबचं चिन्ह म्हणजे पांढरा गुलाब. गंमत अशी, की हा गुलाब मुळात या परगण्याचा नाहीच.

तो यॉर्क घराण्याचा. पंधराव्या शतकात इंग्लंडच्या गादीसाठी यॉर्क आणि लँकेस्टर या एकाच राजवंशाच्या दोन शाखा तीसेक वर्षं भांडत राहिल्या. पांढरा गुलाब हा यॉर्कवाल्यांच्या अनेक बिल्ल्यांपैकी एक. याच घराण्यातला राजा तिसरा रिचर्ड, त्याचा आवडता बिल्ला तर रानडुकराचा होता. शिवाय घराण्याच्या नावात यॉर्क असलं, तरी त्याची मोठी ठाणी दूर लडलो आणि फॉदरिंगेला, आणि यॉर्कशायरमधले पर्सी, क्लिफर्ड यांच्यासारखे बडे सरदार लँकेस्टरच्या बाजूने. डिसेंबर १४६० मध्ये वेकफील्डच्या लढाईत यॉर्कचा ड्यूक रिचर्ड पडला, तेव्हा त्याचं मुंडकं कागदी मुकुट चढवून खुद्द यॉर्क शहराच्या मिकलगेट वेशीवर टांगलं होतं. यॉर्कशायर आणि शेजारचं लँकेशायर या दोन काउंट्यांमधलं पिढीजात वैर म्हणून आज जे सांगितलं जातं, ते बरंचसं नंतर रचलेलं आहे.

१४८६ मध्ये लँकेस्टरच्या बाजूचा ट्यूडर राजा सातवा हेन्री याने यॉर्कच्या एलिझाबेथशी लग्न केलं आणि लँकेस्टरचा लाल व यॉर्कचा पांढरा असे दोन्ही गुलाब एकात एक बसवून ट्यूडर गुलाब तयार केला. एकटा पांढरा गुलाब परगण्याला चिकटला तो पुढे, हळूहळू. त्यात पलटणींचा वाटा मोठा. १ ऑगस्ट १७५९ रोजी जर्मनीत मिंडेनच्या लढाईच्या दिवशी ब्रिटिश सैनिकांनी वाटेतले गुलाब तोडून टोप्यांत खोवले, असं सांगतात. त्या लढाईतल्या ५१व्या पायदळ पलटणीचा वारसा पुढे यॉर्कशायरच्या पलटणीकडे आला, आणि मिंडेनच्या दिवशी गुलाब लावायची प्रथाही.

इथे इंग्लंडच्या मानचिन्हांच्या कायद्याचा मुद्दा येतो. तिथे ढालीवरचं मानचिन्ह गावाला किंवा परगण्याला मिळत नाही. व्यक्तीला किंवा संस्थेला मिळतं. काउंटी कौन्सिलचं मानचिन्ह कौन्सिलचंच, ते गावच्या क्लबाने उचलून चालत नाही. सुटा गुलाब मात्र कुणा एकाच्या मालकीचा नाही. त्यामुळे ज्याला हवा त्याने तो घेतला आणि आपल्या सोयीने बदलला.

क्रिकेट क्लबच्या गुलाबाला अकरा पाकळ्या आहेत, खेळाडूमागे एक. तो घडवण्याचं श्रेय कर्णधार लॉर्ड हॉक यांना देतात. (हॉकसाहेबांचा स्वतःचा जन्म लिंकनशायरचा. पण लॉर्डला कोण विचारणार!) शेफील्ड युनायटेड या फुटबॉल क्लबच्या बिल्ल्यात दोन तलवारी एकमेकींना छेदतात, शेफील्डच्या पोलादाची आणि सुऱ्याकात्र्यांची खूण म्हणून, आणि गुलाब त्यांच्यासोबत बसतो. लीड्स शहराच्या मानचिन्हावर घुबडं आहेत. तरी तिथल्या लीड्स युनायटेड या फुटबॉल क्लबने १९८४ मध्ये गुलाबाच्या मधोमध फुटबॉल ठेवला आणि १९९८ पासून गुलाब ढालीच्या माथ्यावर नेला. उलटाही दाखला आहे: पहिल्या महायुद्धात पांढरा गुलाब मिरवणाऱ्या ४९व्या वेस्ट रायडिंग (म्हणजे यॉर्कशायरच्या पश्चिम भागाच्या) डिव्हिजनने दुसऱ्या महायुद्धात आइसलँडला पहारा दिल्यावर खांद्यावर ध्रुवीय अस्वल चढवलं.

खरी धग आली १९७४ मध्ये. त्या वर्षीच्या प्रशासकीय फेररचनेत नॉर्थ, ईस्ट आणि वेस्ट हे यॉर्कशायरचे तिन्ही जुने 'रायडिंग' मोडले. वेस्ट रायडिंगची कौन्सिल गेली, तिचं मानचिन्ह वापरातून गेलं. गुलाब उरला. लगेच पुढच्या वर्षी यॉर्कशायर रायडिंग्ज सोसायटीने मिंडेनची तारीख धरून १ ऑगस्टला 'यॉर्कशायर दिन' सुरू केला. निळ्यावर पांढरा गुलाब हा झेंडा अनेक वर्षं फडकत होताच, पण झेंड्यांची नोंद ठेवणाऱ्या फ्लॅग इन्स्टिट्यूटकडे त्याची नोंद झाली ती २००८ मध्ये. त्यातही वाद आहेच: वरच्या बाजूला पाकळी यावी की दोन पाकळ्यांमधलं हिरवं टोक? ईस्ट रायडिंगची रीत इतर दोघांहून वेगळी. मानचिन्हांचा कारभार पाहणारं इंग्लंडचं कॉलेज ऑफ आर्म्स म्हणतं, दोन्ही चालतील.

सॅडलवर्थचे लोक मात्र या बाबतीत सगळ्यांत हट्टी. वेस्ट रायडिंगमधली ही खेडी १९७४ मध्ये ग्रेटर मँचेस्टरच्या ओल्डममध्ये टाकली गेली. गुलाब त्यांनी आजवर सोडलेला नाही.