गोव्यातील खेळाडू-प्रशिक्षक परंपरा

गोव्याच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंनी खेळणे थांबवल्यावर क्लबचे वा राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद सांभाळण्याची रीत. साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स अशा क्लबांच्या आधाराने ती रुजली. 2011 मध्ये भारताच्या वरिष्ठ संघाला लागोपाठ दोन प्रशिक्षक गोव्यातून मिळाले, यावरून तिची ताकद कळते.

पार्श्वभूमी. भातकापणी झाली की शेतात गोलचे खांब उभे राहतात आणि वाड्यावाड्यांचे, गावागावांचे सामने सुरू होतात. गोव्याचा खेळाडू इथेच घडतो. क्लबात करारावर खेळणारा मोठा खेळाडू गावी आला की संध्याकाळी याच मुलांना चेंडू कसा थोपवायचा ते दाखवतो. शिकवण्याची सवय त्याला तिथून लागते. मोठ्या क्लबांपैकी साळगावकर आणि धेंपो ही खाण उद्योगातील घराण्यांची देणगी. खेळाडू वर्षानुवर्षे एकाच क्लबात राहत आणि निवृत्तीनंतर तिथेच लहान वयोगटांचा संघ हाती घेत.

सुवर्णकाळ. अर्मांदो कुलासो यांचे नाव खेळाडूपेक्षा प्रशिक्षक म्हणूनच मोठे. धेंपोने त्यांच्यावर दशकाहून अधिक काळ विश्वास टाकला आणि त्यांनी 2004-05 ते 2011-12 या काळात क्लबला 5 राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. 2008 मध्ये धेंपो एएफसी कपच्या, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाच्या (एएफसी) क्लब स्पर्धेच्या, उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. देशाची तेव्हाची अव्वल साखळी स्पर्धा असलेल्या आय-लीगच्या पहिल्या 6 हंगामांत (2007-08 ते 2012-13) करंडक एकदाही गोव्याबाहेर गेला नाही. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये एका छोट्या राज्याने असा दबदबा क्वचितच निर्माण केला असेल.

साळगावकरचे बचावपटू डेरिक परेरा यांनी मात्र बाहेर जाऊन नाव कमावले. त्यांच्या हाताखाली मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे आय-लीगच्या आधीची राष्ट्रीय साखळी, जिंकली. महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्याही क्लबला ती कधी जिंकता आली नाही. पुढे 2012-13 च्या आय-लीगमध्ये त्यांचा पुणे एफसी उपविजेता ठरला. मराठी फुटबॉलप्रेमींनी परेरांचे हे ऋण मानायला हवे.

राष्ट्रीय संघाची सूत्रे 2011 मध्ये आधी कुलासो आणि नंतर साळगावकरचे माजी खेळाडू सावियो मदेरा यांच्याकडे आली. मदेरांच्या संघाने डिसेंबर 2011 मध्ये दिल्लीत अफगाणिस्तानला 4-0 असे हरवून दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा जिंकली, पण 2012 च्या एएफसी चॅलेंज कपमध्ये तिन्ही सामने गमावले आणि त्यांची कारकीर्द आटोपली. त्यानंतर खालिद जमील यांची 2025 मध्ये नेमणूक होईपर्यंत भारतीय माणूस या पदावर कायमस्वरूपी आला नाही.

परवान्याची वाट. पूर्वी खेळाडू म्हणून मिळवलेले नाव पुरत असे. आता प्रशिक्षक परवान्याच्या डी, सी, बी, ए आणि प्रो अशा पायऱ्या चढाव्या लागतात आणि इंडियन सुपर लीग या देशातील अव्वल साखळीत मुख्य प्रशिक्षकाला प्रो परवाना लागतो. यात कैक वर्षे जातात. ज्याने भरल्या स्टेडियममध्ये मधली फळी सांभाळली, तोच वहीत सरावाचा आराखडा काढतो, शंकू मांडतो, परीक्षकांसमोर सराव घेतो आणि इथे हाच सराव का, याचे उत्तर देतो. चांगला खेळाडू इथे अडतो, कारण त्याला जे न शिकता जमले तेच शब्दांत सांगणे त्याला कठीण जाते.

सुपर लीगचा काळ. 2014 मध्ये सुपर लीगमधला गोव्याचा क्लब एफसी गोवा स्थापन झाला. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले, तेव्हा गोमंतकीय प्रशिक्षकाची हक्काची जागाच गेली. सुपर लीगचे क्लब परदेशी प्रशिक्षक आणत आणि आपला माणूस साहाय्यक म्हणून ठेवत. मुख्य खुर्ची त्याला मिळाली ती बहुतेक अडचणीच्या वेळी, आणि तेव्हा त्याने काय केले ते पाहण्यासारखे आहे.

धेंपोच्या पाचही विजेतेपदांतला मधल्या फळीचा खेळाडू क्लिफर्ड मिरांडा एफसी गोवाचा साहाय्यक प्रशिक्षक होता. 2020 च्या जानेवारीअखेर सर्जियो लोबेरा यांना काढले तेव्हा साखळीचे 3 सामने उरले होते. मिरांडाच्या संघाने हैदराबादला 4-1, मुंबई सिटीला 5-2 आणि जमशेदपूरला त्यांच्याच मैदानावर 5-0 असे हरवून लीग शील्ड, म्हणजे साखळी फेरीत अव्वल ठरणाऱ्या संघाचा करंडक, जिंकली. त्यामुळे आशियातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या, एएफसी चॅम्पियन्स लीगच्या, गटफेरीत खेळणारा एफसी गोवा हा पहिला भारतीय क्लब ठरला. एप्रिल 2023 मध्ये मिरांडा पुन्हा हंगामी प्रशिक्षक होता, या वेळी ओडिशाचा. कोझिकोडच्या अंतिम सामन्यात ओडिशाने बंगळुरूला 2-1 असे नमवून सुपर कप मिळवला.

त्याच वर्षी महेश गवळीची पाळी आली. धेंपोचा आणि भारताचा हा माजी बचावपटू राष्ट्रीय संघाचा साहाय्यक प्रशिक्षक होता. सॅफ स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच निलंबित झाल्याने लेबनॉनविरुद्धची उपांत्य लढत आणि कुवेतविरुद्धची अंतिम लढत त्याने मैदानालगत उभे राहून हाताळली. दोन्ही सामने पेनल्टी शूटआउटपर्यंत गेले, दोन्ही भारताने जिंकले.

हंगामी माणसाने इतके करंडक आणले असताना पूर्ण हंगामाची जबाबदारी त्याच्यावर इतक्या क्वचित सोपवली जावी, ही भारतीय फुटबॉलची उघड उणीव आहे. कुलासोंना वेळ मिळाला म्हणून धेंपो घडला.

गावपातळी. बहुतेक माजी खेळाडू मोठ्या क्लबांपर्यंत पोहोचत नाहीत. ते शाळांत, अकादम्यांत आणि गोवा फुटबॉल विकास मंडळाच्या केंद्रांवर मुलांना शिकवतात.