दोन चव्हाण, एक खुर्ची: अशोकराव कोणते आणि पृथ्वीराजबाबा कोणते?

9 नोव्हेंबर 2010 ला एका चव्हाणांनी, म्हणजे अशोकरावांनी, महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडलं आणि 11 नोव्हेंबरला दुसऱ्या चव्हाणांनी, म्हणजे पृथ्वीराजांनी, शपथ घेतली. पक्ष तोच (काँग्रेस), आघाडी तीच (काँग्रेस-राष्ट्रवादी), आडनावही तेच. त्यामुळे 2008 ते 2014 हा सगळा काळ लोकांच्या डोक्यात 'चव्हाण सरकार' म्हणून एकत्र बसला आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांचे गुण इथे हमखास जातात आणि चर्चेत एकाचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फुटतं.

आधी नातं. अशोकराव आणि पृथ्वीराज यांचं एकमेकांशी कौटुंबिक नातं नाही. पृथ्वीराज हे यशवंतराव चव्हाणांच्या घरातलेही नाहीत. हा गैरसमज कराडमुळे होतो. यशवंतरावांचं राजकारण कराडचं आणि पृथ्वीराजांचंही कराडचंच, पण घराणी वेगळी. यशवंतरावांना अपत्य नव्हतं. महाराष्ट्राला चव्हाण आडनावाचे मुख्यमंत्री चार मिळाले: यशवंतराव, शंकरराव, अशोक, पृथ्वीराज. यातली वडील-मुलाची जोडी एकच, शंकरराव आणि अशोकराव.

दोघेही राजकीय घराण्यातले, पण दोघांना मिळालेला वारसा एका प्रकारचा नाही, आणि खरा फरक तिथेच आहे.

अशोकरावांच्या वाट्याला आला तो जिल्हा. शंकरराव 1975 ते 1977 आणि 1986 ते 1988 असे दोनदा मुख्यमंत्री होते, पुढे केंद्रात अर्थ आणि गृह ही खातीही त्यांनी सांभाळली. जायकवाडीमुळे मराठवाड्यात त्यांचं नाव घराघरात गेलं. 1986 मध्ये ते मुख्यमंत्री झाले, नांदेडची लोकसभेची जागा रिकामी झाली आणि 1987 च्या पोटनिवडणुकीत अशोकराव तिथून खासदार झाले. त्या लढतीत समोर प्रकाश आंबेडकर होते. त्यानंतर त्यांची चढण मुंबईत झाली: 1992 मध्ये विधान परिषद, मग राज्यमंत्री, 1999 आणि 2004 ला मुदखेडमधून आमदार, महसूल आणि उद्योगासारखी खाती. 26/11 च्या हल्ल्यानंतर विलासराव देशमुखांनी राजीनामा दिला आणि 8 डिसेंबर 2008 ला अशोकराव मुख्यमंत्री झाले. म्हणजे खुर्चीवर बसले तेव्हा मंत्रालयातले मजले, अधिकारी, फायली सगळं त्यांच्या ओळखीचं होतं.

पृथ्वीराजांच्या वाट्याला आली दिल्ली. वडील आनंदराव ऊर्फ दाजीसाहेब कराडचे खासदार आणि केंद्रात मंत्री. त्यांच्यानंतर आई प्रेमलाकाकी त्याच मतदारसंघातून लोकसभेत गेल्या. पृथ्वीराजांचं शिक्षण पिलानी आणि अमेरिकेतल्या बर्कलेचं, अभियांत्रिकीचं. 1991, 1996 आणि 1998 असे तीनदा ते कराडमधून जिंकले. 1999 ला राष्ट्रवादी काँग्रेस नवी निघाली आणि तिच्या श्रीनिवास पाटलांनी त्यांना हरवलं. पुढे राज्यसभा, आणि 2004 पासून पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री. मुंबईला आले ते थेट मुख्यमंत्री म्हणून, तोवर राज्यात कधी मंत्री नव्हते आणि आमदारही नव्हते. घटनेच्या कलम 164(4) नुसार अशा माणसाला सहा महिन्यांत विधिमंडळाचा सदस्य व्हावं लागतं, म्हणून 2011 मध्ये ते विधान परिषदेवर आले. विधानसभा त्यांनी पहिल्यांदा जिंकली ती 2014 ला कराड दक्षिणमधून, तीही मुख्यमंत्रिपद गेल्यानंतर.

आता जुनी बातमी हाती आली आणि तिच्यात नुसतं 'मुख्यमंत्री चव्हाण' लिहिलं असेल तर काय करायचं? तारीख नसेल तर उपमुख्यमंत्री पाहा. छगन भुजबळ असतील तर चव्हाण अशोकराव. अजित पवार असतील तर पृथ्वीराज. अडचण एवढीच की सिंचन प्रकल्पांतल्या कथित गैरव्यवहाराच्या वादात अजितदादांनी सप्टेंबर 2012 मध्ये राजीनामा दिला होता आणि ते डिसेंबरमध्ये परतले. त्या अडीच महिन्यांत ही खूण चालत नाही. बाकी ठळक गोष्टी: वांद्रे-वरळी सागरी सेतू (जून 2009) अशोकरावांच्या काळात खुला झाला. सिंचनाची श्वेतपत्रिका (2012), जादूटोणाविरोधी कायदा (2013) आणि मुंबईची पहिली मेट्रो (जून 2014) पृथ्वीराजांच्या.

सगळ्यात जास्त घोळ 'आदर्श' गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणाचा होतो. कुलाब्याच्या त्या 31 मजली इमारतीतल्या कथित गैरव्यवहाराच्या प्रकरणात राजीनामा द्यावा लागला तो अशोकरावांना. पण चौकशी आयोगाचा अहवाल आला तेव्हा मुख्यमंत्री पृथ्वीराज होते. त्यांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर 2013 मध्ये तो आधी फेटाळला आणि जानेवारी 2014 मध्ये अंशतः स्वीकारला. राज्यपाल शंकरनारायणन यांनी अशोकरावांवरच्या खटल्याला परवानगी नाकारली. 2016 मध्ये नंतरचे राज्यपाल विद्यासागर राव यांनी ती दिली आणि डिसेंबर 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. म्हणून 'आदर्शवाले चव्हाण' एवढंच म्हणून भागत नाही, कुठल्या टप्प्याबद्दल बोलतोय ते सांगावं लागतं.

मतदारसंघांची नावंही चकवतात. 2008 च्या पुनर्रचनेत कराड लोकसभा आणि मुदखेड विधानसभा हे दोन्ही नकाशावरून गेले. त्यामुळे आजच्या यादीत शोधलं तर सापडत नाहीत. अशोकराव 2009 पासून भोकरमधून लढले. कराड दक्षिण पृथ्वीराजांचं, तर यशवंतरावांचं विधानसभेचं नातं कराड उत्तरशी होतं.

पुढच्या वाटा तर सरळ फुटल्या. 2014 च्या पडझडीत काँग्रेसला राज्यात लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या, त्यातली नांदेड अशोकरावांची. 2019 ला ते तिथे हरले, भोकरमधून आमदार झाले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये भाजपमध्ये गेले. आता राज्यसभेत आहेत. भोकरमध्ये 2014 ला पत्नी अमिता आणि 2024 ला मुलगी श्रीजया निवडून आल्या. पृथ्वीराज काँग्रेसमध्येच राहिले आणि 2024 ला कराड दक्षिणमध्ये भाजपच्या अतुल भोसलेंकडून हरले.

नांदेडवर लिहिणाऱ्यांनी आणखी एक जपावं. 2024 मध्ये तिथून लोकसभेवर गेलेले काँग्रेसचे वसंतराव चव्हाण नायगावचे, अशोकरावांच्या घरातले नव्हेत. त्यांच्या निधनानंतर पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव रवींद्र चव्हाण खासदार झाले. 2025 मध्ये भाजपचे प्रदेशाध्यक्ष झालेले रवींद्र चव्हाण डोंबिवलीचे, ते तिसरेच.